आधी मीटर, मग बॅटरी: घरी ट्रान्सीव्हर किट जुळवणाऱ्यांचे प्रश्न

ठाणे-नवी मुंबईतून आलेली बरीचशी पत्रं एकाच उद्योगाबद्दल आहेत: घरच्या टेबलावर हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचाचा, किट जुळवणं. किट बहुतेकांचे ४० मीटर बँडचे, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचे, पाच-दहा वॉटचे एसएसबी (आवाज पाठवायची एक पद्धत) संच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

निवृत्तीनंतर हे हाती घेतलंय. घरात २५ वॉटचं साधं सोल्डरिंग आयर्न आहे. भागेल का, की महागडं स्टेशन घ्यावंच लागेल?
— एक वाचक, वाशी

भागेल. रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, आयसी हे सगळं २५ वॉटमध्ये नीट बसतं. अडेल ते दोन जागी: अँटेनाच्या सॉकेटची बॉडी आणि बोर्डावरच्या ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले पॅड. तिथलं तांबं उष्णता ओढून घेतं, सोल्डर वितळल्यासारखं दिसतं पण पसरत नाही. तेवढ्यापुरतं ६० वॉटचं आयर्न कुणाकडून तरी मागून आणा. नवं घेणार असाल तर तापमान बदलता येणारं घ्या आणि ३४० ते ३६० अंशांवर ठेवा. दोन्ही बाबतींत तीन पिनांचं, अर्थिंग असलेलंच हवं. अर्थ नसलेल्या आयर्नच्या टोकावर गळतीचा व्होल्टेज असतो आणि मॉसफेटला, म्हणजे संचातल्या पॉवरच्या ट्रान्झिस्टरला, तो सोसत नाही.

सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७, कथील-शिशाचं, आत राळ भरलेलं, २२ गेज. ही तार साधारण ०.७ मिमी जाड असते. १८ गेजची तार बारीक पॅडवर नको, एका क्षणात दोन पॅड जोडून टाकते. आणि हार्डवेअरच्या दुकानात डबीत मिळणारी पत्रा जोडायची पेस्ट बोर्डाजवळसुद्धा आणू नका. तिच्यात आम्ल असतं, पावसाळ्यात ते पॅड हिरवे करून सोडतं.

आता हात कसा चालवायचा ते. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर किंचित सोल्डर लावा. टोक पॅड आणि भागाची तार या दोघांना एकाच वेळी टेकवा, मनात ‘एक’ म्हणा, आणि सोल्डर टोकाला नव्हे, समोरच्या बाजूने तारेला लावा. तीन-चार मिलिमीटर सोल्डर आत गेलं की आधी सोल्डर काढा, मग आयर्न. जमलेला जोड तारेभोवती चढत गेलेल्या छोट्या उतारासारखा, चकचकीत दिसतो. फसलेला जोड पॅडवर मणी ठेवल्यासारखा गोल किंवा करडा, खरबरीत असतो. त्यावर नवं सोल्डर थापू नका. थोडं फ्लक्स लावून पुन्हा तापवा, बहुतेक वेळा तेवढ्यात सुधारतो.

पंखा हा आपल्याकडचा खरा प्रश्न. मे महिन्यात तो बंद करा म्हणणं निर्दयपणाच आहे, पण डोक्यावरचा पंखा जोड गार करतो आणि धूर थेट नाकात ढकलतो. खिडकीशी बसा आणि छोटा टेबल फॅन धूर बाहेर ओढेल असा ठेवा. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. शिशाचा प्रश्न धुरापेक्षा बोटांमधून जास्त येतो, म्हणून त्या टेबलावर चहा नको.

किटमध्ये शेकडो भाग आहेत. काहींवर पट्टे, काहींवर आकडे. ओळखताना चूक झालीच तर कुठे होते?
— एक वाचक, कोपरखैरणे

चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली, छोट्या सिरॅमिक कपॅसिटरची. ‘१०४’ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, ‘१०३’ म्हणजे ०.०१, ‘१०१’ म्हणजे १०० पिकोफॅरड. पण ‘१००’ म्हणजे शंभर नव्हे, दहा पिकोफॅरड. शेवटचा आकडा शून्यांची संख्या सांगतो. ऑसिलेटरमध्ये ही अदलाबदल झाली की तो एकतर सुरूच होत नाही, नाहीतर भलत्याच ठिकाणी चालतो.

दुसरी, पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरची. तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी म्हणजे १ किलोओहम. तोच उलटा वाचला तर ११० ओहम, आणि दोन्ही किमती बाजारात मिळतात, त्यामुळे शंकाही येत नाही. पट्ट्यांवर विसंबू नका, प्रत्येक रेझिस्टर मल्टीमीटरला लावूनच बोर्डात घाला.

तिसरी, रेझिस्टरसारखीच दिसणारी चोक कॉइल. १० मायक्रोहेन्रीची चोक आणि १० ओहमचा रेझिस्टर, दोघांवरही तपकिरी-काळा-काळा. चोक जरा फुगीर आणि बहुधा हिरवट असते, मीटरवर ओहम-दोन ओहमच्या आसपास दाखवते.

भाग वेगळे करून ठेवायला अंड्यांचा कागदी ट्रे झकास. थर्माकोलमध्ये रेझिस्टर खोचायला हरकत नाही, आयसी आणि मॉसफेट मात्र नकोत. थर्माकोलवर स्थिर विद्युतभार साठतो.

पुस्तिकेत लाल रिंगवर १६ फेरे लिहिलेत. मी मोजून १६ घातले, तरी मित्राच्या संचापेक्षा पॉवर फारच कमी. कॉइल पुन्हा गुंडाळू का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कळवा

आधी फेरे पुन्हा मोज, आणि रिंगच्या बाहेरून नको, आतून मोज. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके फेरे. पहिल्यांदा तार आत सरकवली तोच एक फेरा झाला. अनेकजण तो धरत नाहीत आणि १७ घालून बसतात. इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गावर अवलंबून असल्याने एका फेऱ्याचा फरक किरकोळ नसतो. लाल टी५०-२ रिंगवर १६ फेऱ्यांना सुमारे १.२५ मायक्रोहेन्री मिळतात, १७ झाले तर १.४२. म्हणजे १३ टक्के जास्त. लो-पास फिल्टरच्या (एका मर्यादेवरची फ्रीक्वेन्सी अडवणाऱ्या भागाच्या) तिन्ही कॉइलमध्ये हे झालं तर फिल्टरची मर्यादा खाली सरकते आणि तुझं ७ मेगाहर्ट्झच त्यात अडकू लागतं.

रिंगचा रंगही दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळी टी५०-६ असेल तर त्याच १६ फेऱ्यांना जेमतेम १.०२ मायक्रोहेन्री येतात. पिवळ्या ट्यूबलाइटखाली लाल-पिवळ्याची गल्लत होते.

पण फेरे बरोबर निघाले तर माझा संशय तारेच्या टोकांवर आहे. वाइंडिंगची तार तांब्यासारखी उघडी दिसते, पण तिच्यावर एनॅमलचा थर असतो. तो न खरवडता सोल्डर केलं तर सोल्डर तारेभोवती कॉलरसारखं बसतं, आत चिकटत नाही. भिंगातून पाहिलंस तर तार आणि सोल्डर यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ दिसेल. कधी हा जोड अर्धवट लागतो, मीटर चांगला दाखवतं आणि पॉवर मात्र गायब. ब्लेडने किंवा बारीक पॉलिश पेपरने सगळ्या बाजूंनी खरवड, टोकाला आधी सोल्डरचा हात दे, चकाकी सलग दिसली की मगच बोर्डात घाल. काही तारांचं एनॅमल आयर्नच्या उष्णतेनेच जळतं. ते चालेल, पण तेव्हा आयर्न ४०० अंशांच्या जवळ हवं आणि धुराकडे तोंड नको.

टी५०-२ वर १६ फेऱ्यांसाठी साधारण ३५ सेंटिमीटर तार पुरते, यात दोन्ही टोकं आली. फेरे रिंगच्या परिघावर सारखे पसरव, सुरुवात आणि शेवट यांत बोटाच्या नखाएवढी मोकळी जागा सोड. फेरे जवळ सरकवले की इंडक्टन्स थोडा वाढतो, पसरवले की कमी होतो. शेवटची बारीक जुळवणी अशीच करतात.

करड्या-काळ्या एफटी३७-४३ रिंगवर दोन किंवा तीन तारा पीळ देऊन एकत्र गुंडाळायच्या असतात, तिथे वेगवेगळ्या रंगांच्या तारा घे. एकाच रंगाच्या असतील तर मीटरने जोड्या शोधाव्या लागतात आणि एका तारेचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायच्या ऐवजी शेवट शेवटाला जोडला जातो. मग दोन वाइंडिंग एकमेकांना रद्द करतात. या रिंगांच्या कडा धारदार असतात. बारीक एनॅमल तिथे सोलून शॉर्ट होतं, म्हणून गुंडाळण्याआधी कड पॉलिश पेपरवर फिरवून घे.

सगळं जोडून झालं, पण पहिल्यांदा वीज द्यायची हिंमत होत नाही. धूर निघाला तर?
— एक वाचक, ऐरोली

सगळं जोडून झाल्यावर पहिल्यांदा वीज देणं हीच मुळात चूक. एकेक टप्पा जोडून तपासत जायचं असतं: आधी ५ व्होल्टचा रेग्युलेटर, मग ऑडिओ, मग ऑसिलेटर, मग मिक्सर आणि फिल्टर, सगळ्यात शेवटी पॉवर. असो, आता झालंय तर असं करा.

आयसी सॉकेटमधून काढा. बॅटरी न जोडता मीटर ओहमवर ठेवा, लाल टोक बोर्डाच्या १२ व्होल्टच्या पॅडला, काळं ग्राउंडला. आकडा कमी सुरू होऊन वर चढत जाईल, कारण मोठे कपॅसिटर भरतात. तो चढलाच नाही, दहा-वीस ओहमवरच अडकला तर कुठेतरी शॉर्ट आहे. उलटा बसलेला डायोड, दोन पॅडमध्ये सोल्डरचा पूल, किंवा हीटसिंकला टेकलेला मॉसफेट, या क्रमाने शोधा.

त्यानंतर बॅटरीच्या प्लस तारेत दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब मालिकेत जोडा. ऑटो स्पेअर्सच्या दुकानात कुठेही मिळतो. संचाचा नुसता रिसीव्हर शे-दोनशे मिलिअँपिअर घेतो, तेवढ्यात बल्ब विझलेला किंवा अगदी मंद राहील. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, करंट एका अँपिअरच्या आतच अडेल आणि बोर्ड वाचेल. बल्ब शांत राहिला की रेग्युलेटरच्या बाहेर ५ व्होल्ट येतात का पाहा, वीज बंद करा, मग आयसी घाला.

ट्रान्समिटच्या चाचणीत हा बल्ब काढावा लागतो, नाहीतर व्होल्टेज पडून संच अडखळतो. त्याच्या जागी २ अँपिअरचा फ्यूज ठेवा. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी साधी दिसते, पण शॉर्ट झाली तर तार लाल करायला तिला वेळ लागत नाही.

संच चालू होतो, दिवा लागतो, पण स्पीकर मुका. कधी कान लावला तर अगदी क्षीण फुसफुस.
— एक वाचक, घोडबंदर रोड

स्पीकरकडून अँटेनाकडे, उलटं चालत या. तुम्ही पाठवलेल्या सर्किटमध्ये एलएम३८६ हा ऑडिओचा आयसी आहे. त्याच्या ६ नंबरच्या पिनवर पुरवठा आणि ५ नंबरवर त्याच्या निम्मे व्होल्ट दिसले पाहिजेत. १२ दिल्यास ६ च्या आसपास. पाचवर शून्य किंवा पूर्ण १२ असतील तर आयसी गेला किंवा आउटपुट कुठेतरी शॉर्ट आहे. ६ बरोबर असतील तर आवाजाचं बटण पूर्ण वाढवा, स्क्रूड्रायव्हरच्या धातूला बोट लावून त्याचं टोक ३ नंबरच्या पिनला टेकवा. घरातल्या विजेची घूंऽ अशी गुणगुण स्पीकरमध्ये यायला हवी. आली म्हणजे ऑडिओ ठीक. आवाज वाढवल्यावर मोटारबोटीसारखी फटफट येत असेल तर पुरवठ्यावरचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नीट लागलेला नाही.

याच आयसीच्या एन-१ या प्रकाराला १२ व्होल्टपर्यंतचाच पुरवठा सांगितलेला आहे. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचे १३ व्होल्ट त्याला थेट देऊ नका. मालिकेत एक-दोन डायोड टाकले की प्रश्न मिटतो.

ऑडिओ ठीक असूनही फुसफुस क्षीण असेल तर ट्रान्झिस्टर बघा. इथे एक चूक इतकी नेहमीची आहे की ती आधीच तपासावी. किटमध्ये २एन३९०४ सांगितलेला, तो मिळाला नाही म्हणून लॅमिंग्टन रोडवरून बीसी५४७ आणून घातलेला. कामाला चालतो, पण पायांचा क्रम उलट आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. बोर्डावर छापलेल्या आकृतीप्रमाणे बसवला की तो उलटाच लागतो. गंमत म्हणजे उलटा ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही. थोडं काम करतो, वाढ मात्र जवळजवळ देत नाही. म्हणूनच तुमचा संच मुका नाही, क्षीण आहे. बेस आणि एमिटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसले तरी समाधान मानू नका, बोर्डाची आकृती आणि डेटाशीट शेजारी ठेवून पाय मोजा. बसवताना १८० अंशांत फिरवला की काम होतं.

हेही ठीक निघालं तर बीएफओ, म्हणजे एसएसबीचं बोलणं कळण्याजोगं करणारा ऑसिलेटर, चालतो का पाहा. तो बंद असेल तर फुसफुस येते पण बोलणं बदकाच्या आवाजासारखं, न कळणारं राहतं.

पहिल्या पीटीटीलाच (बोलायचं बटण दाबताच) आयआरएफ५१० गेला. दुसरा घातला, तोही गेला. तिसरा घालू की नको?
— एक वाचक, नेरूळ

थांबा. या मॉसफेटची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर १२ व्होल्ट असतात. हीटसिंक डब्याला, डबा ग्राउंडला. मध्ये अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा हवा आणि स्क्रूभोवती नायलॉनचं बुश हवं. नुसता अभ्रक ठेवून लोखंडी स्क्रू आवळला तर स्क्रूमधूनच शॉर्ट होतो. बसवल्यावर पाठ आणि हीटसिंक यांच्यात मीटरने कसलाही जोड दिसता कामा नये.

दुसरं कारण बायसचा प्रीसेट, म्हणजे गेटवरचा व्होल्टेज ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर. तो ‘कमीत’ आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. मॉसफेट घालण्याआधी गेटच्या पॅडवर मीटर लावून शून्य व्होल्ट येतील अशा बाजूला फिरवा. मग मॉसफेट घाला, मायक्रोफोन काढा, आउटपुटला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचे रेझिस्टर) लावा, पुरवठ्यात अँपिअरमीटर ठेवून पीटीटी दाबा आणि प्रीसेट हळू फिरवा. बराच वेळ काहीच होत नाही, गेटवर तीनेक व्होल्ट आले की करंट एकदम चढू लागतो. लोक अडकतात ते इथेच. काही होत नाही म्हणून भराभर फिरवतात. पुस्तिकेत वेगळा आकडा नसेल तर आधीच्या करंटपेक्षा १०० मिलिअँपिअर वाढले की थांबा.

तिसरं कारण, अँटेना किंवा लोड न लावता पीटीटी. डमी लोड घरी होतो: १ किलोओहम २ वॉटचे २० रेझिस्टर समांतर, झाले ५० ओहम ४० वॉट. कार्बन किंवा मेटल फिल्मचे घ्या. तार गुंडाळलेले सिमेंटचे रेझिस्टर स्वतःच कॉइल असतात, ते चालत नाहीत. लोडवर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरड कपॅसिटर लावून डीसी मोजला तर ५ वॉटला सुमारे २२ व्होल्ट मिळतील. बोलून मोजू नका, मीटर बोलण्यामागे धावू शकत नाही. माइकसमोर एकसारखी शीळ घाला.

मी नववीत आहे. बाबा म्हणतात आधी लायसन्स, मग किट. मला आत्ताच करायचा आहे. कोणता घेऊ?
— एक वाचक, कोपरी

बाबांचं अर्धं बरोबर आहे. ट्रान्समिट करायला दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना आणि व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, लागतो. तुझ्या वयात ती परीक्षा देता येते. तोवर नुसता ७ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर किट घे. ३०-४० भागांचा असतो, दोन रविवारांत होतो, आणि अभ्यास करता करता बँड ऐकताही येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, बिटएक्स संच रचला तेव्हा कॉइल गुंडाळायला नळाचे नायलॉनचे वायसर वापरले होते, म्हणजे इथे कोपऱ्यावर मिळेल त्या सामानात. पुढे आलेल्या मायक्रोबिटएक्सचा मुख्य बोर्ड मात्र जुळवूनच येतो, तारा तेवढ्या जोडायच्या. सोल्डरिंग शिकायचं असेल तर तो तुझ्यासाठी नाही.

मे महिन्यात उत्तम चालणारा संच जुलैत कुरकुरतो, फ्रीक्वेन्सीही सरकते.
— एक वाचक, बेलापूर

खाडीची हवा आणि बोर्डावर राहिलेली राळ. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन खालची बाजू धुवा, दिवसभर सुकू द्या, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. ऑसिलेटर कॉइल-कपॅसिटरचा असेल तर थोडं सरकणार, एसआय५३५१ या फ्रीक्वेन्सी बनवणाऱ्या आयसीचा असेल तर सरकायला नको. तिथे जोड पाहा. गच्चीवरून येणाऱ्या केबलचं वरचं टोकही उघडून बघा. पाणी जाळीतून झिरपत खाली सॉकेटपर्यंत येतं, आणि जाळी काळी पडली असेल तर तेवढी केबल कापूनच टाकावी लागते.

सोसायटीत अँटेना लावायला परवानगी मिळाली. माप काय? आणि आवाजात खरखर फार आहे.
— एक वाचक, माजिवडा

७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलसाठी, म्हणजे मधून दोन बाजूंना तार जाणाऱ्या अँटेनासाठी, १४३ ला ७.१ ने भागा: २०.१ मीटर एकूण, एकेक बाजू १०.०७. दोन्ही बाजू १०.४० कापा आणि लावल्यावर सारख्या कमी करत या. मधलं टोक पाण्याच्या टाकीवरच्या बांबूला, दोन्ही बाजू उतरत्या. लिफ्टच्या खोलीपासून जमेल तितकं लांब.

खरखरीसाठी संच बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर ती तुमच्याच घरातली, मग एकेक सर्किट चालू करत शोधा. एलईडी बल्ब, मोबाइलचे स्वस्त चार्जर आणि वायफायचा अडॅप्टर हे पहिले संशयित. मेन बंद करूनही तशीच राहिली तर रात्री लिफ्ट थांबलेली असताना पुन्हा ऐका.